लोखंड काळं दिसतं तेव्हाच जास्त जपा

पत्र

काका, नमस्कार. चार महिन्यांपूर्वी मी एक छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. नोकरी वेगळी आहे, हे निव्वळ हौसेचं काम. कुंड्यांचं स्टँड, मागच्या दाराची जाळी, एक छोटं टेबल एवढं करून झालं. जोड बरे येतात, पण दर वेळी अंगावर काहीतरी घेऊनच उठतो. परवा नुकतीच जोडलेली पट्टी सहज उचलली आणि तीन बोटांना फोड आले. त्याआधी एकदा, दोनच टॅक (तुकडे जागेवर धरून ठेवणारे ठिपक्याएवढे जोड) मारायचे होते म्हणून हेल्मेट न घालता डोळे मिटून मारले. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं, सकाळपर्यंत डोळे उघडवेनात. गळ्याजवळ उन्हानं पोळल्यासारखी लाल त्रिकोणी खूण आहे. बुटात गेलेल्या ठिणग्या तर मोजतच नाही. बायको म्हणते, मशीन विकून टाका. आठ वर्षांची मुलगी दारात उभी राहून बघत असते, तिची वेगळी काळजी. एक ओळखीचे म्हणाले, वेल्डिंगमध्ये हे चालायचंच. खरंच चालायचंच का, की माझं काही चुकतंय?

उत्तर

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालायचंच, हे खरं नाही. मी तीसहून जास्त वर्षं वेल्डिंग करतोय. माझ्या हातांवर जे डाग आहेत ते जवळजवळ सगळे पहिल्या तीन-चार वर्षांतले आहेत. पुढे लोखंड काही कमी तापायला लागलं नाही, माझ्या सवयी बदलल्या. तेव्हा मशीन विकू नका. पण बायकोचं म्हणणं मनावर घ्या, कारण चार महिन्यांत एवढं अंगावर येतंय म्हणजे सवयींत कुठेतरी भोक आहे.

ते कुठे आहे हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. पट्टी उचललीत तेव्हा आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची लख्ख ज्योत, बंद होती. डोळ्यांवर आलं ते 'दोनच टॅक' म्हणून. दोन्ही वेळा तुमच्या मनानं ठरवलं होतं की आत्ता वेल्डिंग चालू नाही. माझा अनुभव असाच आहे. आर्क पेटलेली असते तेव्हा माणूस आपोआप जपून असतो. भाजतं ते हेल्मेट वर केल्यावर, रॉड (वितळून जोड भरणारी कांडी) बदलताना, जॉब (जोडायची वस्तू) उलटा करताना, आवराआवर करताना. म्हणून मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या मधल्या वेळाबद्दल आहे.

बोटांपासून सुरुवात करू. आर्कखाली पोलाद वितळतं ते साधारण 1500 अंश सेल्सिअसला. आर्क बंद झाली की लाली काही सेकंदांत जाते आणि लोखंड पुन्हा काळं दिसायला लागतं. पण काळं दिसणं आणि गार होणं यांचा काही संबंध नाही. अंधाऱ्या खोलीतसुद्धा लोखंड मंद लाल दिसायला 500 अंशांच्या आसपास तापमान लागतं, भर उजेडात तर त्याहून बरंच जास्त. म्हणजे 400 अंशांवरची पट्टी आणि कपाटातून काढलेली पट्टी, दोन्ही डोळ्यांना सारख्याच. आणि त्वचेला पोळायला 70 अंशांच्या धातूचा सेकंदभराचा स्पर्श पुरतो. मधला हा एवढा मोठा टप्पा डोळ्यांना दिसतच नाही, आणि तुमची तीन बोटं त्याच टप्प्यात सापडली.

अजून एक फसवणूक असते. पट्टी लांब असेल तर दुसरं टोक हाताला गार लागतं, म्हणून आपण तिथे धरतो. दोन-तीन मिनिटांनी उष्णता लोखंडातून चालत तिथवर येते आणि मघाशी गार असलेलं टोक चटका देतं. वीतभर लांबीच्या तुकड्याला तर गार टोक नसतंच. जाड अँगल किंवा प्लेट असेल तर अर्धा तास उलटल्यावरही हात लावायची घाई करू नका.

मी काय करतो ते सांगतो. कामाच्या टेबलावर एक कोपरा गरम वस्तूंचा म्हणून ठरलेला आहे. जोडलेली, कापलेली, ग्राइंडर मारलेली प्रत्येक वस्तू तिथेच जाते, आणि त्या कोपऱ्यातलं काहीही हातानं उचलायचं नाही, पक्कड किंवा लांब चिमटा घ्यायचा. मोठा जॉब जागेवरच राहणार असेल तर त्यावर खडूनं ठळक 'गरम' लिहितो. घरात दुसरं माणूस वावरत असेल तर हा खडू फार मोलाचा आहे. आणि हात लावायची वेळ आलीच तर आधी तळहाताची उलटी बाजू वस्तूपासून चार बोटं अंतरावर धरून हळूहळू जवळ न्यायची, न टेकवता. तिथली त्वचा पातळ असते, उष्णता लगेच कळते, आणि दचकून हात मागे घेतला तर वस्तू मुठीत अडकत नाही.

हातमोजे असताना पक्कड कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. वेल्डिंगचे चामडी हातमोजे छर्रे (वितळलेल्या लोखंडाचे उडणारे थेंब) आणि आर्कचा झोत अडवण्यासाठी असतात, तापलेलं लोखंड धरण्यासाठी नाहीत. लालसर तुकडा धरलात तर चामडं आखडतं, कडक होतं, आणि उष्णता एकदा आत शिरली की मोजा काढेपर्यंत ती बोटांना चिकटून राहते. ओला मोजा तर कोरड्याहून घातक. आतल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेचं भाजणं फार खोल जातं. घामानं भिजले की बदलता यावेत म्हणून मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेवा.

लवकर गार व्हावं म्हणून गरम जॉब बादलीत बुडवायचा मोह होतो. पोकळ पाइप असेल तर अजिबात बुडवू नका. खालचं टोक पाण्यात गेलं की आत वाफ होते आणि ती पाइपमधून वर येऊन थेट तुमच्या हातावर किंवा तोंडावर निघते. शिवाय झटक्यानं थंड केलेला जोड तडकूही शकतो. जॉब आपोआप निवू द्या, तेवढ्यात पुढचा तुकडा मापात घ्या.

रॉडचं उरलेलं बोटभर टोक ही आणखी एक दुर्लक्षित गोष्ट. रॉड धरणारा होल्डर दाबला की ते खाली पडतं, घरंगळतं, आणि पुढच्या पावलाला बुटाच्या तळाखाली येतं. रबर वितळतं नाहीतर पाय घसरतो. पायाशी पत्र्याचा एक डबा ठेवा, तळाला वाळू घाला, आणि प्रत्येक टोक त्यातच टाका. प्लॅस्टिकची बादली चालणार नाही.

आता एक प्रसंग अगदी जवळून बघा. जोड मारून झाला. तुम्ही हेल्मेट वर केलंत आणि कसा आलाय म्हणून वाकून बघताय. जोडावर स्लॅगची, म्हणजे रॉडवरचा लेप वितळून झालेल्या थराची, काळी खपली बसलेली आहे. लोखंड आणि स्लॅग दोन्ही निवताहेत, पण आकसण्याचं प्रमाण दोघांचं वेगळं. बारीक टिक टिक ऐकू येतं. त्यातच खपलीचा एक तुकडा हातोडी न लावता आपणहून उडतो, आणि वाकलेल्या चेहऱ्याच्या दिशेनं येतो. तो अजून भाजण्याइतका गरम असतो, आणि कडेनं काचेसारखा धारदार. माझ्या उजव्या भुवईखाली अशाच तुकड्याची खूण आहे. बोटभर खाली लागला असता तर आज एका डोळ्यानं काम करत असतो. त्या दिवसापासून हेल्मेटच्या आत साधा, बाजूनं झाकलेला पारदर्शक सेफ्टी गॉगल असतोच. हेल्मेट वर गेलं तरी गॉगल जागेवर राहतो. तुमच्या खरेदीच्या यादीत हा गॉगल पहिला लिहा, भारी मोज्यांच्याही आधी. स्लॅग काढताना हातोडीचा मार स्वतःपासून दूर जाईल असा धरा, आणि दारात कोणी उभं आहे का तेही बघा.

डोळ्यांचं दुसरं प्रकरण आर्कच्या उजेडाचं. त्या उजेडात अतिनील किरण भरपूर असतात. ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला पोळतात, जसं ऊन कातडीला पोळतं तसं. फसवं हे की त्या वेळी काहीच कळत नाही. त्रास सुरू होतो काही तासांनी, बऱ्याचदा मध्यरात्री, म्हणून माणसाला संध्याकाळच्या दोन टॅकची आठवणही येत नाही. डोळे मिटून टॅक मारणं हा उपाय नाही. पापणी पातळ असते, तीही पोळते, आणि आर्क कुठे पेटली हे न बघता मारलेला टॅक चुकीच्या जागी बसतो, मग तो तोडताना आणखी ग्राइंडर. उन्हाचा काळा चष्माही या कामाचा नाही.

घरगुती मशीनवर 2.5 किंवा 3.15 मिलिमीटरचा रॉड लावून काम करताना हेल्मेटला 10 किंवा 11 नंबरची काळी काच योग्य (नंबर जितका मोठा तितकी काच गडद). दोनच टॅकसाठी हेल्मेट कोण चढवणार, असं होत असेल तर आपोआप काळी होणाऱ्या काचेचं हेल्मेट घ्या. जोडाची जागा दिसते आणि आर्क पेटल्याबरोबर काच काळी होते. वर-खाली करायचा कंटाळा गेला की 'दोनच टॅक'चा मोहही जातो. चांगल्या प्रतीच्या अशा हेल्मेटची काच फिकी असतानाही अतिनील किरण अडवते. मात्र वापरण्याआधी रोज तपासा. समोर लायटरची ज्योत किंवा लख्ख उजेड धरला की काच काळी व्हायला हवी. बॅटरी संपत आली असेल किंवा पुढच्या सेन्सरवर धूळ, छर्रे बसले असतील तर ती वेळेवर काळी होत नाही. काम करताना मान अशी ठेवा की हात किंवा पाइप सेन्सरच्या आड येणार नाही.

गळ्याचा लाल त्रिकोणही याच किरणांचा. शर्टाचं वरचं बटण उघडं राहतं, बाकी काही नाही. कॉलर बंद करा, बाह्या मनगटापर्यंत, आणि मोज्याचा काठ बाहीच्या वर येईल असा. मनगटाची ती दोन बोटांची उघडी पट्टी फार लवकर भाजते. अंगात पांढरा शर्ट असेल तर त्यावरून परतलेला उजेड हेल्मेटच्या आत हनुवटीखालून शिरतो, म्हणून गडद रंग बरा. मागे पांढरी भिंत किंवा चकचकीत पत्रा असेल तर त्यावरूनही किरण हेल्मेटच्या मागच्या बाजूनं आत येतात. एखादं जाड, गडद, न पेटणारं कापड तिथे टांगा.

कपड्याचं कापड मात्र नीट निवडा. जाड सुती, डेनिम किंवा चामड्याचा अॅप्रन. पॉलिस्टर, नायलॉन असं वितळणारं काहीही नको. सुती कापडाला ठिणगी लागली तर भोक पडतं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि काढताना कातडीही घेऊन येतं. मी हे एकदा दुसऱ्याच्या मांडीवर पाहिलं आहे आणि तेव्हापासून कोणी खेळायची चड्डी घालून मशीनजवळ आलं तर मशीन बंद करतो. खिशात लायटर ठेवू नका, कागद नकोत, वरच्या खिशाला झाकण असू द्या. पँटचा पाय दुमडलेला नको, त्या दुमडीत छर्रे साठतात. अंगठी आणि धातूचा पट्टा असलेलं घड्याळ आधीच काढून ठेवा.

बुटात ठिणग्या का जातात तेही सांगतो. तुम्ही जमिनीवर उकिडवं बसून काम करत असणार. बहुतेक सगळे नवखे तसंच करतात. उकिडवं बसलं की पँट वर सरकते, घोटा उघडा पडतो, मांडी आणि पोटरीच्या मध्ये कापडाची घडी होते. छर्रा त्या घडीत किंवा बुटाच्या तोंडात पडतो, आणि तिथून पटकन उठताही येत नाही. हात तर आर्कवर गुंतलेला. म्हणून कमरेइतक्या उंचीचं लोखंडी टेबल ही तुमची पुढची वस्तू करा, कुंड्यांचं दुसरं स्टँड नंतर. उभं राहून काम करा, तेही थोडं बाजूला, जॉबच्या थेट खाली मांडी किंवा पाय नको. घोटा झाकणारे चामडी बूट घाला, जाळीचे पळायचे बूट नकोत, आणि पँट बुटावरून बाहेर सोडा, आत खोचू नका. छर्रा आत गेलाच तर बूट लगेच निघायला हवा, म्हणून नाड्यांची गुंतागुंत नसलेला बूट बरा.

डोक्याच्या वर किंवा आडवं पडून जोड मारणार असाल तर कानात न पेटणारे बोळे घाला. छर्रा कानात गेला तर पडद्याला भोक पडू शकतं. हे ऐकल्यावर लोकांना खरं वाटत नाही, पण होतं. खरं तर अशी कामं पहिल्या वर्षात घेऊच नका, जॉब खाली उतरवून मारा.

ग्राइंडरबद्दल तुम्ही पत्रात एक शब्दही लिहिला नाहीत आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. घरच्या कामात डोळ्यात कण जातो तो बहुतेक ग्राइंडरचाच. गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण, काढून टाकलेला असेल तर आज बसवा. डिस्कवर लिहिलेली वेगमर्यादा ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असायला हवी. लहान ग्राइंडर मिनिटाला 10,000 ते 12,000 फेरे घेतो. मोठ्या ग्राइंडरची डिस्क गार्ड काढून लहानावर बसवणं म्हणजे ती फुटायचीच व्यवस्था. नवी डिस्क लावली की बाजूला उभं राहून मिनिटभर नुसती फिरवा. कटिंगची पातळ डिस्क आडवी धरून घासू नका. दोन्ही हातांनी धरा, ठिणग्यांचा झोत पायांकडे आणि कपड्यांकडे नको. बटण बंद केल्यावर डिस्क पूर्ण थांबेपर्यंत खाली ठेवू नका. आणि काम संपल्यावर गॉगल काढायच्या आधी कपाळ, भुवया, केस खाली वाकून झटका. लोखंडाची पूड तिथे बसलेली असते आणि गॉगल काढला की तीच डोळ्यात पडते. कापलेल्या पट्टीच्या कडेला जी धार राहते ती जोडण्याआधीच कानशीनं मोडा. बोटं कापायचं निम्मं कारण तिथेच संपतं.

विजेचं आणि धुराचं थोडक्यात सांगतो. अर्थचा क्लॅम्प, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या केबलचा चिमटा, जॉबवरच, स्वच्छ लोखंडावर घट्ट लावा. ओल्या जमिनीवर, ओल्या कपड्यांत काम नको. केबल खांद्याभोवती गुंडाळायची नाही, आणि रॉड बदलताना हातात कोरडा मोजा हवाच. घरात कोणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी जवळ यायचं नाही. धुराच्या झोतात डोकं घालू नका. चमकदार जस्ताचा थर असलेला पाइप जोडायचा असेल तर थर आधी घासून काढा. तसं करतानाही तोंडाला धूळ अडवणारा मास्क हवा. जस्ताच्या धुरानं काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडात धातूची चव राहते. दूध प्यायलं की तो बाधत नाही, ही निव्वळ समजूत आहे. आणि ज्यात कधी तेल, इंधन, रंग किंवा केमिकल होतं असा डबा, ड्रम, टाकी घरी कधीही जोडायला घेऊ नका, कितीही धुतली असली तरी.

आगीकडे नवखी माणसं कमी लक्ष देतात. ठिणग्या 10 मीटरपर्यंत जाऊ शकतात. लाकडाचा भुसा, पुठ्ठे, रंगाचे डबे, चिंध्या एवढ्या टप्प्यात नकोत, आणि हलवता येत नसेल ते न पेटणाऱ्या कापडानं झाका. भिंतीला भोक असेल तर पलीकडे काय आहे ते आधी बघा. हाताशी वाळूची बादली आणि अग्निशामक असू द्या. मशीन चालू असताना त्यावर किंवा केबलवर पाणी मारू नका, आधी वीज तोडा. काम संपवून लगेच दार लावून घरात जाऊ नका. फटीत पडलेली ठिणगी बराच वेळ नुसती धुमसत राहते. निदान तासभर तिथे किंवा जवळपास राहा, आवराआवर त्याच वेळात करा. म्हणूनच मी झोपायच्या आधी वेल्डिंगला बसत नाही.

एवढं करूनही कधी भाजलंच, तर पुढच्या वीस मिनिटांवर पुष्कळ काही अवलंबून असतं. भाजलेली जागा वाहत्या गार पाण्याखाली धरायची आणि पूर्ण 20 मिनिटं धरूनच राहायचं. दोन मिनिटांत बरं वाटतं म्हणून माणूस हात काढतो, पण आतली उष्णता तोवर खोल जात असते. बर्फ नको. टूथपेस्ट, तेल, शाई काही नको. सूज येण्याआधी अंगठी, घड्याळ, कडं काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. नंतर न चिकटणारं स्वच्छ झाकण सैल लावा. भाजलेली जागा स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, चेहऱ्यावर, सांध्यावर, जननेंद्रियाजवळ किंवा हातावर फोड आले असतील, कातडी पांढरी किंवा कोळशासारखी झाली असेल तर डॉक्टरांकडे जा. खोल भाजलेलं दुखत नाही, म्हणून दुखत नाही याचा आनंद मानू नका. शॉक लागून भाजलं असेल तर बाहेरून जखम टिचभर असली तरी दवाखाना गाठायचाच.

डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्यानं धुवा. तरी टोचत राहिलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. चुंबक, काडी, रुमालाचं टोक हे प्रयोग कोणाकडूनही करून घेऊ नका. रुतलेला लोखंडी कण रात्रभर राहिला तर तिथे गंज धरतो आणि मग कण निघाला तरी गंजाचं वर्तुळ वेगळं काढावं लागतं. ठोकताना किंवा ग्राइंडर मारताना काहीतरी जोरात लागलं आणि नंतर दिसायला अंधुक झालं, तर धुवतही बसू नका आणि डोळा दाबूही नका, सरळ इस्पितळ गाठा. आर्क लागून डोळे आले असतील तर अंधारात डोळे मिटून पडा, वर गार पाण्याची घडी ठेवा. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. चोवीस तासांत फरक नाही, किंवा दिसण्यात फरक वाटला, तर तपासून घ्या. कोणी बधिर करणारे थेंब दिले तर स्वतःच्या मनानं घालत राहू नका, त्यानं दुखणं दबतं आणि बुबुळाची जखम भरत नाही.

तुमच्या बोटांवरचे फोड अजून असतील तर फोडू नका. खालच्या नव्या कातडीचं तेच पांघरूण आहे. कोरडं, स्वच्छ, सैल झाकून ठेवा, आणि ते भरेपर्यंत मोज्यात हात घालून वेल्डिंगला बसू नका. घाम आणि घर्षण दोन्ही वाईट. आजूबाजूला लाली पसरली, पू दिसला, ताप आला तर लगेच दाखवा. हातावरचे फोड आहेत, त्यामुळे तसं काही नसलं तरी एकदा दाखवून आलेलं चांगलं. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या पाच वर्षांत झालेलं नसेल तर तेही त्याच वेळी विचारा.

राहिली तुमची मुलगी. दारात उभी राहते ते आजपासून बंद. तुमच्या डोळ्यांसमोर काच आहे, तिच्यासमोर नाही, आणि लहान मुलाला 'उजेडाकडे बघू नको' म्हटलं की ते बघतंच. तुमचं हेल्मेट तिला सैल होईल, तेही चालणार नाही. दार लावा, किंवा मध्ये वेल्डिंगचा पडदा लावा आणि आर्क पेटवण्याआधी मोठ्यानं सांगायची सवय ठेवा. पण तिला बापाचं काम बघायचंय, ते पुरतं तोडूही नका. रात्रभर निवलेला जॉब दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आधी हाताची उलटी बाजू धरून तपासा, कडा कानशीनं मोडल्यात ना ते बोट फिरवून बघा, आणि मग तिच्यासमोर ठेवा. जोड कुठे आहे ते तिला शोधू द्या. रंग तिच्या हातानं लागू द्या.